पोटगीचा अर्ज लांबवू नका. वकील मोफत मिळतो

वकिलाची फी परवडणार नाही, या भीतीने अनेक विवाहिता पोटगीचा अर्ज लांबणीवर टाकतात. हा उशीर महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याआधीचे महिने हातचे जातात. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घटस्फोट, मुलांचा ताबा, स्त्रीधन या प्रकरणांतही ही मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. हेल्पलाइन क्रमांक १५१००. कायदा आहे, माहिती पोहोचत नाही. प्रत्येक पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि रेशन दुकानावर हा क्रमांक ठळक लागलाच पाहिजे.