मसनवटा हा आपला सातबारा

वनहक्काच्या दाव्याची फाईल घेऊन गावात बसलं की गाडी एकाच ठिकाणी अडते. पुरावा काय? दंडाची पावती हाय का? जुना सातबारा हाय का? बापजाद्याचं नाव कुठल्या कागदावर हाय का? बहुतेकांकडं काहीच नसतं. मग कुणीतरी म्हातारं माणूस सांगतं, आमची माणसं पलीकडच्या टेकाडावर गाडलेली हायत, माझा आजा तिथंच हाय. आणि कागद करणारा ते लिहूनसुद्धा घेत नाही. "हा काय पुरावा झाला व्हय?" म्हणतो आणि पान उलटतो.

हाच पुरावा आहे, असं आम्ही या अंकात ठासून सांगत आहोत. हे काही आमच्या मनचं नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ साली नियम झाले, २०१२ साली त्यांत सुधारणा झाली. त्यातला नियम १३ उघडून बघा. वस्तीचं जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक खुणा म्हणून तिथं तीन गोष्टी एका ओळीत दिल्या आहेत: विहिरी, दफनाच्या जागा आणि पवित्र स्थळं. सामूहिक वनहक्काच्या पुराव्यातही देवाची झाडं, देवराया, तळी, नदीकाठ आणि त्यांच्याच जोडीला दफनभूमी किंवा दहनभूमी लिहिलेली आहे. म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला जे कळलं, ते आपल्या तालुक्याच्या टेबलावर अजून पोचायचं आहे.

आपल्या माणसांची थडगी जंगलात का, हा प्रश्न फॉरेस्टवाले हमखास विचारतात. त्याचं उत्तर इतिहासात आहे. माहूर-किनवटचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचा. माहूर तालुका किनवटातून फुटून फार नंतर झाला. निजामाच्या काळात जंगल राखीव करताना नकाशावर रेघा ओढल्या गेल्या. रेघेच्या आत पडलेल्या वस्त्यांना उठवलं गेलं. माणसं ढोरं, भांडी, बी-बियाणं घेऊन दुसरीकडं बसली. पण मेलेली माणसं काही उठून चालत आली नाहीत. गाव हललं, मसनवटा तिथंच राहिला. या जुलमाच्या विरोधात कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोळीला बळी पडला. म्हणून जंगलातलं थडगं हे अतिक्रमणाची खूण नव्हे. आधी वस्ती होती आणि जंगलाची हद्द नंतर आली, याची ती साक्ष आहे.

आता वारशाचं बोलू. माहूरला रेणुकेचं ठाणं आहे, दत्तशिखर आहे, अनसूया आहे, पांडवलेणी आहे. पैनगंगेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा गड आहे. तो कधीकाळी गोंड राजांच्या ताब्यात होता. या सगळ्याला पाट्या आहेत, रस्ते आहेत, निधी आहे. असावाच, आमची तक्रार त्याबद्दल नाही. चंद्रपुरात राणी हिराईनं बांधलेली बिरशहाची समाधी पुरातत्त्व खात्यानं सांभाळली आहे. तिथल्या किल्ल्याचा परकोट झुडपांनी आणि कचऱ्यानं भरला होता, तेव्हा इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ साली कुदळ-फावडी घेऊन तो साफ करायला घेतला. चांगलं काम केलं. नागपूरजवळ जुनापाणीला हजारो वर्षांपूर्वीची दगडी वर्तुळं आहेत. ती मेलेल्यांसाठी रचलेली आहेत, त्यांनाही सरकारी संरक्षण आहे. पण जरा विचार करा. राजाची समाधी सांभाळली जाते. ज्यांचं नावगाव आज कुणाला ठाऊक नाही, त्यांचे दगडही सांभाळले जातात. आणि ज्या मेलेल्यांची नातवंडं अजून जिवंत आहेत, त्याच शिवारात राबत आहेत, त्यांच्या दगडांवरून मुरमाचा ट्रॅक्टर जातो. कुठं समतल चर खणताना थडगी फुटतात, कुठं सागवानाच्या लागवडीत ती दबून जातात. त्याचा पंचनामा होत नाही, कारण कागदावर तिथं काहीच नव्हतं.

यावर बाहेरून कुणी इतिहासाची संस्था येईल आणि आपला मसनवटा वाचवील, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. आपली संस्था म्हणजे आपली ग्रामसभा. पेसा कायद्यानं १९९६ सालीच सांगितलंय की लोकांच्या चालीरीती, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५ तर सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणारी कामं रोखायचा अधिकार देतं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर खाण होणार होती. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं तिथल्या लोकांच्या देवाचा आणि धर्माचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवायला लावला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी खाण नाकारली.

जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर शेजारच्या तेलंगणात मार्लवाईला जाऊन या. निजाम सरकारनं भीमच्या उठावानंतर हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला गोंडांची हालत बघायला धाडलं. तो मार्लवाईत गोंडांमध्ये राहिला आणि लोकांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून झटला. त्याची बायको बेट्टी १९८७ साली वारली, तिची समाधी मार्लवाईत आहे. तो १९९५ साली परदेशात वारला. २०१२ साली त्याची रक्षा आणून तिच्या शेजारी ठेवली गेली. तिथले गोंड दरवर्षी ११ जानेवारीला समाधीवर जमतात. कुणा खात्यानं हुकूम काढला म्हणून ते जमत नाहीत. जमीन आणि थडगं यांचं नातं त्यांना माहीत आहे म्हणून जमतात. परक्या मुलखातल्या माणसाची समाधी आपले भाऊबंद इतक्या मायेनं सांभाळतात, तर आपण आपल्या आज्या-पणज्याची का सांभाळू नये?

आता काम कसं करायचं ते सांगतो.

पहिलं, ग्रामसभेत ठराव घ्या. मसनवट्याला लोक काय नावानं ओळखतात ते नाव, दिशा आणि चतुःसीमा ठरावात लिहा. एका गावात गोंड, कोलाम, आंध, परधान अशा समाजांच्या जागा वेगवेगळ्या असतील तर प्रत्येकीची वेगळी नोंद करा. कुणी गाडतं, कुणी जाळतं, दोन्ही जागा लिहा. लहान लेकरांना वेगळ्या ठिकाणी पुरत असतील तर तेही सुटू देऊ नका.

दुसरं, शिवारफेरी काढा. म्हातारी माणसं पुढं, वही धरणारी शिकलेली पोरं मागं. बायका सोबत पाहिजेतच. कोणत्या लेकराला कुठं ठेवलं हे कितीदा फक्त आईला आणि आजीलाच ठाऊक असतं. दगड किती, कोणत्या घराण्याचे, सगळ्यात जुना म्हणून कोणता ओळखतात, जवळ कोणतं झाड आहे, वाट कुठून जाते, हे सगळं उतरवा. एकही दगड हलवू नका. जुनेपण शोधायच्या नादात माती उकरू नका.

तिसरं, वंशावळ लिहा. आपल्याकडं कागद नव्हता, पण परधान होता. किंगरी वाजवून घराण्याचे पूर्वज सांगणारा परधान म्हणजे आपलं रेकॉर्ड रूम आहे. नियम १३ मध्ये वंशावळही पुरावा आहे आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. म्हणून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्या, अंगठा किंवा सही घ्या. ही माणसं आज आहेत, उद्याचं कुणी सांगावं. हे काम पावसाळ्यावर ढकलू नका.

चौथं, वनहक्क समितीनं वनखात्याला आणि महसूल खात्याला लेखी कळवून जागेची पाहणी करावी, अर्जाची पोच घ्यावी. पाहणीला हजर राहून हुद्दा, तारीख आणि शेरा घालून सही करणं हे अधिकाऱ्यांवर नियमानं बंधनकारक आहे. "सॅटेलाईटमध्ये दिसत नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे नियम १२-अ दाखवा. सॅटेलाईटचं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालतं, पुराव्याच्या जागी नाही. अमुकच कागद आणा, असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. मसनवटा एकटा पुरत नाही. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. आणि थडगं आहे म्हणून शेजारचं वावर आपोआप नावावर होत नाही. वावरासाठी बांध, विहीर, झोपडी, जबाब हे लागणारच, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागणारच. मसनवटा एवढंच सिद्ध करतो की हे गाव काल आलेलं नाही. पण सगळ्या दाव्यांचा पाया तोच आहे. तांड्यावरच्या बंजारा भावांना आणि दलित साथींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा असतो. त्यांच्या जुन्या समाध्या त्यांनीही आजच नोंदवून घ्याव्यात. या कामात आम्ही त्यांच्यासोबत आहोत.

काही वडीलधारी म्हणतात, मेलेल्यांना कशाला कचेरीत ओढता? त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. जे सांगायचं नाही ते सांगू नका. पेनाची जागा, पूजेची गोष्ट, मेलेल्याचं नाव, फोटो, यातलं काय द्यायचं आणि काय झाकून ठेवायचं हे त्या घराण्यानं ठरवावं. कचेरीला हद्द आणि जुनेपण एवढं पुरतं.

दुसरी सावधगिरी. ग्रामपंचायतीला स्मशानभूमीच्या शेडसाठी पैसा मिळतो. शेड जरूर घ्या, पावसात मयत घेऊन ताटकळायची वेळ कुणावर येऊ नये. पण रस्त्याकडेच्या नव्या शेडच्या बदल्यात जंगलातल्या जुन्या जागेवरचा हक्क सोडल्याचं कुठं लिहून देऊ नका. सही करायच्या आधी कागद वाचून घ्या.

आणि पैनगंगेच्या काठच्या गावांनी तर अजिबात वेळ घालवू नये. निम्न पैनगंगा धरणाची टांगती तलवार डोक्यावर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांच्या तपासणीत दफनभूमी आणि दहनभूमीवर काय परिणाम होणार हे बघणं घातलेलं आहे. पण यादीतच नसलेल्या मसनवट्यावरचा परिणाम कोण बघणार? घराचे आणि झाडांचे पैसे मोजले जातील, पाण्याखाली गेलेला मसनवटा मात्र होता की नव्हता हेही कुणी विचारणार नाही.

म्हणून प्रत्येक गावाला, पोडाला आणि तांड्याला आमची विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावाची एक प्रत फाईलला, एक गावात आणि एक आमच्याकडं ठेवा. ज्यांचे दावे याआधी 'पुरावा नाही' म्हणून फेटाळले गेले असतील, त्यांनी नामंजुरीचा कागद घेऊन यावं. निर्णय झाल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत दाद मागता येते, हे विसरू नका. पुढच्या अंकात नोंद झालेल्या मसनवट्यांची यादी छापू. आपलं गाव त्यात असलं पाहिजे.

जय सेवा! जय जोहार!