पगाराचा पहिला वाटा बचतीचा

सात तारखेला पगार होतो आणि वीस तारखेला उसनवारी सुरू होते. चाकण, म्हाळुंगे, भोसरी, चिखली या पट्ट्यात पहिल्या नोकरीवर असलेल्या तरुणांकडून हे मी वारंवार ऐकतो. लातूर, बीड, परभणी, सोलापूरहून आलेली ही मुले उधळी नाहीत. खोलीभाडे, खानावळ, गावी पाठवायचे पैसे आणि गाडीचा हप्ता भागवून उरते किती, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. पण 'उरले तर टाकू' म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही. म्हणून बचत महिन्याच्या शेवटी नव्हे, पगाराच्या दिवशी करावी लागते.

समजा, हातात १८,००० रुपये येतात. त्यातले १,५०० रुपये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी बँकेच्या आवर्ती ठेवीत आपोआप जातील अशी सोय करा. वर्षाला १८,००० होतात, म्हणजे एक पूर्ण पगार. या पट्ट्यात त्याचे मोल मोठे आहे. नवी मुले बहुतेक ठेकेदाराकडे असतात. काही महिने काम, मग ब्रेक. ब्रेकमध्ये खोलीभाडे थांबत नाही. मोबाइलवरचे झटपट कर्ज नेमके तेव्हाच गाठते आणि पुढचे अनेक पगार खाते. म्हणून पहिले उद्दिष्ट एका महिन्याच्या खर्चाचे ठेवा, नंतर तीन महिन्यांच्या. बोनस आणि ओव्हरटाइमचा मोठा भाग याच खात्यात जाऊ द्या. आणि एक महिना रोजचा खर्च वहीत लिहून पाहा. चहा, नाश्ता, गुटखा, सिगारेट यांवर रोज ५० रुपये गेले तरी २६ दिवसांत १,३०० होतात. बचतीची रक्कम जवळजवळ तिथेच सापडते.

दुसरी बचत कायद्याने आधीच सुरू करून दिली आहे. ती म्हणजे पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल, तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही १,८०० भरतो. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० तुमच्या पीएफमध्ये जातात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये जमा. आठ वर्षांत व्याज न धरताही २,२५,६०० होतात. पण ठेकेदार बदलला की पीएफ काढायचा आणि नवा मोबाइल घ्यायचा, ही इथली रीत झाली आहे. पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. पेन्शनचे पैसेही काढून घेतले तर ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी तोच द्या आणि जुनी रक्कम त्यात वळवून घ्या. उमंग ॲपवर पासबुक पाहत राहा. पगारातून कापलेले पैसे जमा झाले नसतील तर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा. अप्रेंटिसना पीएफ लागू नसतो, त्यांनी तर आवर्ती ठेव टाळूच नये.

आपल्या घरांत आणखी एक अडचण ऐकू येते: व्याज नको, म्हणून बँक नको, पीएफही नको. ज्याला व्याज नको त्याच्या श्रद्धेचा मान ठेवूनच सांगतो, की बचत आणि व्याज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५२ च्या पीएफ योजनेतच अशी तरतूद आहे, की सदस्याने लेखी कळवले तर त्याच्या खात्यात व्याज जमा केले जात नाही. मुद्दल आणि मालकाचा हिस्सा तरीही त्याचाच राहतो. व्याज घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यासाठी हक्काच्या पैशावर पाणी सोडण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट मुलींच्या पालकांसाठी आहे. आज आपल्या मुलीही कंपनीत शिफ्ट करतात. मात्र अनेक घरांत पगार मुलीचा आणि एटीएम कार्ड भावाच्या खिशात, असे असते. तिने घराला हातभार जरूर लावावा. पण खाते तिच्या नावावर, कार्ड तिच्या हातात आणि दरमहा ठरलेली रक्कम तिच्या शिलकीत असलीच पाहिजे. उद्या शिक्षण पुढे न्यायचे असो, की संसारात वाईट दिवस आलेले असोत, तिला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागू नये.

पगार वाढला की बचत सुरू करू, असे म्हणत वर्षे निघून जातात. येत्या सात तारखेला ५०० रुपयांनी सुरुवात करा. रक्कम पुढे वाढवता येते. आधी सवय लागू द्या.