शुद्ध गणिताला प्रयोगशाळेची मोजपट्टी नको




प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी सगळ्या विज्ञान विषयांना एकच गुणतक्ता लावला जातो. विद्यापीठात शुद्ध गणित शिकवण्यात नोकरी घालवलेला माणूस म्हणून माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार शोधनिबंधाचे लेखक दोनपेक्षा जास्त असले, तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण मिळतात आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. प्रयोगशाळेच्या विषयांत सहसा ज्याचे काम जास्त त्याचे नाव आधी येते. शुद्ध गणितात मात्र नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापतात. हा जुना रिवाज अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ साली लेखी मांडलेलाही आहे. माझी फाइल छाननीला गेली तेव्हा समितीतल्या रसायनशास्त्राच्या सरांनी तिघांच्या निबंधावर बोट ठेवून विचारले, "तुमचं नाव शेवटी कसं?" आडनाव 'व'वरून आहे म्हणून, एवढेच उत्तर होते. त्या निबंधातला अवघड लेमा (सहायक प्रमेय) कोणी सिद्ध केला, हे कोणी विचारले नाही. रकान्यात ३० टक्के भरले गेले.

इम्पॅक्ट फॅक्टरचेही तेच. नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्याचा हा आकडा, आणि तो जितका मोठा तितके गुण जास्त. गणिताचा निबंध तपासायलाच वर्ष-वर्ष जाते, त्याचे संदर्भ सावकाश येतात. त्यामुळे चांगल्या नियतकालिकांचाही हा आकडा अनेकदा एकच्या आसपास रेंगाळतो.

गणितज्ञ यीतांग झांग यांचे उदाहरण बोलके आहे. १९९१मध्ये पीएच.डी. झाल्यावर त्यांना विद्यापीठात जागा मिळेना. काही काळ त्यांनी सँडविचच्या दुकानात काम केले, मग न्यू हॅम्पशायर विद्यापीठात साधे व्याख्याते झाले. नावावर निबंध अगदी मोजके. साठीकडे झुकल्यावर, २०१३मध्ये, त्यांनी सिद्ध केले की सात कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या लागोपाठच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. आपल्याकडे सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला किमान सात प्रकाशने लागतात. त्या अटीवर झांग यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

झांग लाखात एक, हे मला मान्य आहे. माझी काळजी बाकीच्यांची आहे. नुकताच नेट-सेट होऊन रुजू झालेला हुशार मुलगा हा तक्ता पाहतो आणि पाच वर्षे खाणाऱ्या प्रश्नाच्या वाटेला जात नाही. एका निकालाचे तीन तुकडे करून तीन निबंध छापतो, नाहीतर पैसे घेऊन छापणाऱ्यांकडे वळतो. त्याला मी दोष देणार नाही. घर त्यालाही चालवायचे असते.

गणितात सर्व सहलेखकांना समान गुण द्यावेत. गुणांच्या हिशेबातून इम्पॅक्ट फॅक्टर काढावा. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध त्याच शाखेतल्या, पण विद्यापीठाबाहेरच्या तज्ज्ञांनी वाचून लेखी अभिप्राय द्यावा. राज्यातल्या विद्यापीठांच्या गणित अभ्यास मंडळांनी ही मागणी एकत्रितपणे आयोगाकडे पाठवावी, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त गणित प्राध्यापक, कोल्हापूर