आधी काडतूस, मग रायफल

पॅरिस येथे 2024 साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत त्याच्या स्थिर हाताची, शांत चित्ताची आणि दीर्घ तपश्चर्येची चर्चा झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु या प्रकारातील जगभरचे नेमबाज स्पर्धेपूर्वी जे एक काम मोठ्या निष्ठेने करतात, त्याची वार्ता क्रीडांगणाबाहेर सहसा पोहोचत नाही. ते आपली रायफल घेऊन काडतुसांच्या कारखानदाराकडे जातात, तिची नळी पक्क्या शिकंज्यात आवळतात आणि एकाच कारखान्याच्या, एकाच प्रतीच्या, एकाच किमतीच्या परंतु निरनिराळ्या खेपांच्या काडतुसांच्या दहा दहा गोळ्या कागदावर झाडून पाहतात. माणसाचा हात मध्ये नाही, श्वास नाही, वारा नाही. तरीही एका खेपेच्या दहा गोळ्या जवळजवळ एकाच फाटक्या छिद्रात सामावतात, तर दुसऱ्या खेपेच्या दहा गोळ्या त्याच्या दुप्पट जागेत विखुरतात. मग जी खेप त्या विशिष्ट नळीला मानवली, तिची हजारो काडतुसे एकदम विकत घेऊन ती जपून ठेवली जातात.

खेळातल्या नेमबाजाला जे कळते, ते राज्यकर्त्यांच्या आणि खरेदीखात्याच्या दफ्तरांत का उमटत नाही, हा माझा प्रश्न आहे. सैन्यासाठी नवी रायफल घ्यावयाची झाली की तिचे वजन, तिची किंमत, तिची दुर्बीण आणि तिचे मूळ गाव यांची चर्चा महिनोन् महिने चालते, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात, संसदेत प्रश्न विचारले जातात. आणि तिच्या पोटात कोणते काडतूस जाणार हा तपशील मात्र कराराच्या पुरवणीत कोठेतरी शेवटी येतो. पायदळाच्या तुकडीत साध्या शिपायाच्या पलीकडे आणि तुकडीपासून अलग वावरणाऱ्या स्नायपरच्या अलीकडे जो नेमबाज असतो, त्याच्या हातातील अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत तर ही उपेक्षा विशेष घातक ठरते. तीनशे मीटरपासून सात-आठशे मीटरपर्यंतचे लक्ष्य टिपणे, पहिली गोळी चुकली तर बोल्ट हाताने न ओढता लगोलग दुसरी झाडणे आणि आपल्या सहकाऱ्यांना पुढे सरकण्यास अवसर देणे, हे त्याचे काम. त्याची सगळी मातब्बरी अचूकतेवर उभी आहे.

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, सैन्यात उमेदीची वर्षे ड्रागुनोव्ह रायफल वागविलेल्या एका निवृत्त सुभेदारांच्या सोप्यावर बसलो असताना त्यांनी एका जुन्या वहीत घडी करून ठेवलेले लक्ष्याचे दोन कागद माझ्यापुढे पसरले. दोन्ही तीनशे मीटरवरचे, दोन्ही एकाच दुपारचे. एका कागदावरची छिद्रे त्यांनी माझ्यासमोरची चहाची बशी पालथी घालून झाकून दाखविली. दुसऱ्या कागदावर तीच बशी ठेवली, तेव्हा तिच्या चहूबाजूंनी छिद्रे बाहेर डोकावत राहिली. “साहेब, हात माझाच, रायफल तीच, ऊन-वारा तोच. बदललं ते फक्त काडतुसाचं खोकं,” एवढेच ते म्हणाले आणि कागदांची घडी पुन्हा वहीत गेली. हा लेख त्या दोन कागदांमुळे लिहिला जात आहे.

ड्रागुनोव्हचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. येव्गेनी ड्रागुनोव्ह यांनी रचलेली ही रायफल सोव्हिएत सैन्याने 1963 साली स्वीकारली. दहा काडतुसांचे मॅगझीन, चौपट मोठे दाखविणारी दुर्बीण, दुर्बिणीसह सव्वाचार किलोंच्या आसपास वजन. आणि काडतूस मात्र 1891 सालच्या मोसिन रायफलीबरोबर रशियात आलेले, बुडाला कड असलेले 7.62 मिलिमीटरचे. तेच काडतूस सोव्हिएत मशीनगनही खात असे, आणि मशीनगनसाठी लाखोंच्या संख्येने निघणाऱ्या काडतुसांकडून सुईच्या अग्राइतक्या नेमाची अपेक्षा कोणी केलेली नसते, कारण मशीनगनच्या माऱ्यात थोडा फैलाव असणे हा दोष नसून गुणच होय. नवी रायफल हाती आली तरी तिच्या योग्यतेचे काडतूस नव्हते. ते साबेल्निकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी, त्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले, आणि साध्या पोलादी गाभ्याच्या गोळीने पडणारा फैलाव त्या खास काडतुसाने जवळजवळ निम्म्यावर आला. रायफलीत तिळमात्र बदल न होता तिची अचूकता दुप्पट झाली.

परंतु कथा येथे संपत नाही. त्या रायफलीच्या नळीतील पेचदार खाचा आरंभी 320 मिलिमीटरमध्ये एक फेरा घेत असत, आणि तो पीळ नेमबाजाच्या खास गोळीला अनुकूल होता. पुढे सेनाधिकाऱ्यांना वाटले की याच रायफलीतून चिलखतभेदी आगलावी गोळीही नीट गेली पाहिजे. ती गोळी लांब, तिला स्थिर राखण्यास जलद गिरकी हवी. म्हणून 1970 च्या दशकात पीळ 240 मिलिमीटरवर आणला गेला आणि खास गोळीचा फैलाव सुमारे एक पंचमांशाने वाढला. जे काम क्वचित करावयाचे, त्याच्यासाठी जे काम नित्य करावयाचे त्याचा नेम सैल केला गेला. हा निर्णय कोणा मूर्खाने घेतलेला नव्हता. परंतु एका शस्त्राकडून सर्व कामे करून घेण्याचा हव्यास धरला म्हणजे काय होते, याचा तो चोख दाखला आहे. आणखी एक बाब अशी की, त्या खास काडतुसाच्या टोकाला रंगाची निराळी खूण नसते. ओळख काय ती वेष्टनावर छापलेल्या ‘स्नायपर’ या अर्थाच्या शब्दाची. वेष्टन फुटले, काडतुसे खिशात किंवा पेटीत मिसळली, की उत्तम आणि सामान्य यांतला भेद डोळ्यांना दिसेनासा होतो. तो दिसतो पुढे, कागदावर किंवा रणांगणावर.

काडतूस म्हणजे पितळेच्या कोशात भरलेली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी, इतकेच सामान्य माणसाला ठाऊक असते. पण त्या बोटभर वस्तूत चार कारखान्यांचे शील एकवटलेले असते: बुडाशी बसविलेली टोपी प्रत्येक वेळी सारख्याच जोमाने पेटली पाहिजे, दारूचे वजन कोशागणिक सारखे भरले पाहिजे, कोशाची मान गोळीला सारख्याच घट्टपणे धरील अशी हवी आणि गोळीचा गाभा तिच्या तांब्याच्या आवरणात तंतोतंत मध्यावर असला पाहिजे. यांपैकी एकातही कसर राहिली, म्हणजे गोळीचा वेग कमीजास्त होतो. आणि सेकंदाला 830 मीटर वेगाने निघणाऱ्या गोळीच्या वेगात केवळ दहा मीटरांचा फरक पडला, तरी सहाशे मीटरवर ती सुमारे दहा सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. नेमबाज कोनाच्या मिनिटांत हिशेब करतात. एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर, सहाशे मीटरवर साडेसतरा. सहाशे मीटरवरचे दहा सेंटिमीटर म्हणजे त्या साडेसतरांतला अर्ध्याहून अधिक वाटा, आणि तो चापावर बोट ठेवण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो.

हाताने बोल्ट ओढावयाच्या रायफलीला काडतुसाचे हे सारे नखरे काही प्रमाणात सोसतात. अर्धस्वयंचलित रायफलीला ते सोसत नाहीत. तिच्या नळीच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून दारूचा वायू शिरतो, तोच बोल्ट मागे लोटतो, रिकामा कोश फेकतो आणि नवे काडतूस भरतो. म्हणून दारू किती त्वरेने जळते आणि त्या छिद्रापाशी दाब किती असतो, यावर यंत्राचे आरोग्य अवलंबून आहे. दाब कमी पडला तर कोश अडकतो, अधिक झाला तर यंत्र आदळून झिजते आणि नेम बिघडतो. मॅगझीनमध्ये मावण्यासाठी काडतुसाची लांबी ठरलेली. अनेक रायफलींत बोल्ट पुढे आपटताना आतली पिन टोपीला हलकेच शिवते, म्हणून टोपी फार नाजूक असून चालत नाही. अमेरिकेने 1960 च्या दशकात एम-16 रायफलीच्या काडतुसातील दारूची जात बदलली आणि व्हिएतनामच्या चिखलात ती रायफल अडखळू लागली; तिच्या नळीत क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना सफाईची साधनेही पुरेशी दिलेली नव्हती, हे खरे, पण 1967 साली इचॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने केलेल्या चौकशीत दारूच्या बदलाचा दोष स्पष्टपणे पुढे आला. बदल कागदावर झाला होता. किंमत शिपायांनी मोजली.

त्याच देशाच्या नेमबाजी-काडतुसांचा प्रवासही मला मननीय वाटतो. स्पर्धांसाठी बनविलेले, 168 ग्रेन वजनाच्या आणि टोकाशी बारीक छिद्र असलेल्या गोळीचे काडतूस त्यांच्याकडे होते. ते अचूक होते, परंतु त्याच्या खोक्यावर युद्धात वापरावयाचे नाही असा हुकूम छापलेला असे. कारण 1899 च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली होती, आणि त्या मनाईच्या मुळाशी आपल्याच देशातील कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात निघालेली गोळी होती. टोकाचे ते छिद्र गोळी फुलविण्यासाठी नसून तांब्याचे आवरण बुडाकडून नीट चढविता यावे, आणि त्यायोगे अचूकता वाढावी, यासाठी असते, असा अभिप्राय अमेरिकन लष्कराच्या विधि-अधिकाऱ्यांनी 1985 साली दिला, तेव्हा कोठे ते काडतूस सैनिकांच्या हाती कायदेशीरपणे आले. पुढे लांब पल्ल्यावर, वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरू लागला की ती गोळी डगमगते असे दिसून आले, म्हणून 175 ग्रेनची गोळी घेण्यात आली. फरक अवघ्या चार गुंजांचा! पण त्या चार गुंजांसाठी परीक्षणे झाली, नवे काडतूस सिद्ध झाले आणि दुर्बिणींचे हिशेबही नव्याने मांडावे लागले. मला त्या चिकाटीचा हेवा वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे; भुसावळजवळच्या वरणगावचा कारखाना 1964 चा. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे एवढे जुने ज्ञान ज्या प्रांतात साठले आहे, असे प्रांत देशात फार नाहीत, आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतील दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. तरीही 2019 सालच्या करारानुसार 7.62 मिलिमीटरच्या सिग-716 रायफली 72,400 नगांच्या संख्येने परदेशातून आल्या, तेव्हा देशी काडतुसांशी त्यांची जुळणी नीट बसत नसल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. या बातम्या वाचून काहींनी परदेशी रायफलीला दोष दिला, काहींनी देशी कामगारांना. मला दोन्ही आरोप अन्यायाचे वाटतात. रायफल एका काडतुसावर घडलेली आणि काडतूस निराळ्या रायफलीसाठी बनलेले, असे दोन अनोळखी बैल एका जुवाला जोडावे आणि नांगर वाकडा गेला म्हणून बैलांना मारावे, असा हा प्रकार आहे. 2024 साली त्याच रायफलींची आणखी 73,000 नगांची मागणी नोंदविली गेली आहे. म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही, उलट दुणावला आहे.

खर्चाचा मुद्दा काढला जाईल हे मी जाणतो. नेमबाजीचे उत्तम काडतूस साध्या काडतुसाहून पुष्कळ महाग पडते, त्याची खेप लहान असते, परीक्षण सावकाश चालते, आणि वर्षाकाठी कोट्यवधी काडतुसे काढण्याच्या शिरस्त्यात वाढलेल्या कारखान्याला हे काम किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. पण नेमबाजाला मशीनगनच्या प्रमाणात काडतुसे लागतच नाहीत. त्याच्या वर्षाच्या सरावाचा आणि युद्धसाठ्याचा मिळून जो आकडा होईल, तो रायफल आणि दुर्बीण यांच्या किमतीच्या मानाने बेताचाच राहील. शिवाय आपल्या देशाला एक अडचण अशी आहे की जी फार थोड्या देशांना आहे: तेच काडतूस मे महिन्यात थरच्या वाळवंटात तापते आणि जानेवारीत सियाचीनवर गोठते. थंडीत दारू मंद जळते, उन्हाळ्यात दाब वाढतो, आणि विरळ हवेत गोळीचा मार्गच बदलतो. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या मैदानावर घेतलेले परीक्षण लेहच्या नेमबाजाला अपुरेच पडणार. हे काम आपले आहे आणि ते आपल्याच भूमीवर झाले पाहिजे.

म्हणून माझी संरक्षण मंत्रालयाला आणि खरेदीच्या मसुद्यांवर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळकळीची विनंती आहे की, नेमबाजांच्या रायफलीचा यापुढचा कोणताही करार करताना तिचे काडतूस कोणते, ते देशात कोण बनविणार, आणि प्रत्येक खेपेची चाचणी त्याच रायफलीतून, लेहच्या थंडीत आणि जैसलमेरच्या उन्हात कोण घेणार, ही तीन कलमे पहिल्या पानावर लिहावीत; खडकी आणि वरणगाव येथे अशा काडतुसांसाठी निराळा विभाग, निराळे कामगार आणि निराळी तरतूद द्यावी; आणि ज्या नेमबाजाच्या हाती रायफल द्यावयाची, त्याला सरावासाठीही तेच काडतूस द्यावे, जे त्याला युद्धात मिळणार आहे.