मूर्खपणाची माफी कुणाला मिळते?

बंगळुरूतल्या माझ्या पहिल्या कंपनीत शुक्रवारी जेवण झालं की कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकच विषय रंगायचा : कोण कशामुळं नोकरीला मुकला. एकानं क्लायंटला शिव्या घालणारा मेल चुकून क्लायंटलाच पाठवला. एकीनं तापाची रजा टाकली आणि त्याच दिवशी गोव्याच्या किनाऱ्यावरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. मॅनेजर तिच्या यादीतच होता. एकजण रात्रपाळीत सर्व्हर रूमच्या गारव्यात चादर अंथरून झोपला आणि नेमका ऑडिटवाल्यांना सापडला. एकानं टॅक्सीच्या 400 रुपयांच्या पावतीवर एक शून्य जास्तीचं काढलं. हसून हसून पोट दुखायचं. मीही हसायचो. त्या टेबलावर बसायला मिळणं हीच माझ्यासारख्या, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला मोठी कमाई वाटत होती.

वर्षभर ऐकल्यावर लक्षात आलं की या गोष्टींच्याही जाती आहेत. काही गोष्टींतल्या माणसाला नाव असतं, टोपणनाव असतं, आणि शेवट गोड असतो. "भन्नाट माणूस! आता सिंगापूरला असतो." बाकीच्या गोष्टींतल्या माणसाला नाव नसतं. "तो नाही का, गावाकडचा." "तो, कोट्यातला." त्याची गोष्ट गेटपाशी संपते. पुढं तो कुठं गेला, याची कुणाला फिकीर नसते. पहिली गोष्ट लाडानं सांगितली जाते, दुसरीतून धडा काढला जातो.

असा एक बिननावाचा मुलगा माझ्या ओळखीचा होता. ही 2022 ची गोष्ट. तो नांदेड जिल्ह्यातला, माझ्याच कॉलेजचा, मला दोन वर्षांनी ज्युनिअर. माझ्याच शिफारशीनं कंपनीत लागला होता आणि त्या शिफारशीचा बोनस मी घेतला होता. त्याच्या टीममध्ये बंगळुरूचाच एक मुलगा होता. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मॅनेजरशी कन्नडमध्ये घरगुती गप्पा. आमच्या मुलाला पहिल्या महिन्यात त्यानंच सिस्टीम शिकवली, घरी नेऊन जेवू घातलं. त्यामुळं एक दिवस त्यानं, "मला संध्याकाळी लवकर निघायचंय, माझं कार्ड तेवढं रात्री स्वाइप करशील?" असं विचारलं तेव्हा आमच्या मुलानं हो म्हटलं. एकदा नाही, पाच दिवस. दोन कार्डं एकापाठोपाठ मशीनला लावणारा मुलगा कॅमेऱ्यात दिसला.

एचआरनं दोघांना वेगवेगळं बोलावलं. ज्याचं कार्ड होतं, ज्याचे तास खोटे लागले, त्याला लेखी ताकीद मिळाली. त्याच्या घरी काही अडचण होती, असं त्याच्या मॅनेजरनं सांगितलं म्हणे. ज्यानं दुसऱ्यासाठी कार्ड लावलं, त्याला सांगितलं, "हा सचोटीचा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत स्वतः राजीनामा दे, नाहीतर आम्ही काढलं असं कागदावर येईल." वीस मिनिटांत त्यानं सही केली. लॅपटॉप, कार्ड जमा करून घेतलं. गार्ड त्याला गेटपर्यंत सोडायला आला.

शिफारस माझी, म्हणून मलाही बोलावलं होतं. मुलगा कसा आहे, असं विचारलं. मी म्हणालो, "फारशी ओळख नाही. कॉलेजच्या ग्रुपवर बायोडेटा आला, तो पुढं पाठवला." त्या दिवाळीत मी त्याच्या घरी दोन दिवस राहून आलो होतो. निघताना त्याच्या आईनं ज्वारीच्या पिठाची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली होती. ते पीठ अजून संपलं नव्हतं, आणि माझी फारशी ओळख नव्हती.

संध्याकाळी त्याच्या पीजीवर गेलो आणि त्यालाच झापलं. "तुला अक्कल आहे का? आपल्यातला एकजण इथं पोचायला किती पिढ्या गेल्या? समाजाचं नाव घालवलंस." तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, चूक झाली, मान्य. पण त्याच्यामुळं त्याच्या समाजाचं नाव गेलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या शुक्रवारी टेबलावर ती गोष्ट आली. कुणीतरी म्हणालं, "आरक्षणवाल्यांना शिस्त नसते." खासगी कंपनीत आरक्षण नसतं, एवढंसुद्धा त्या टेबलावरच्या इंजिनिअरांना आठवलं नाही. ताकीद मिळालेला तो मुलगा तिथंच बसून हसत होता. मीही हसलो.

आता कुणी म्हणेल, चोरी ती चोरी, जात कशाला आणता? ती चूकच होती. दुसऱ्याचं कार्ड लावणं ही मालकाची फसवणूक आहे आणि त्याची शिक्षा व्हायला हवी. माझा प्रश्न शिक्षेच्या मापाबद्दल आहे. एकच गुन्हा, एकच कॅमेरा, एकच आठवडा. मग एकाला कागद आणि दुसऱ्याला गेट, हे कुणी ठरवलं? नियमपुस्तकानं नक्कीच नाही. एकासाठी बोलणारा माणूस त्या खोलीत होता. दुसऱ्यासाठी बोलू शकणारा माणूस मी होतो, आणि मी ओळख नाकारली.

खोट्या अनुभवपत्राचंच बघा. क्लासच्या गल्ल्यांमध्ये पैसे घेऊन दोन वर्षांच्या अनुभवाचं बनावट पत्र देणारे दलाल असतात. आपली पोरं त्यांच्या नादी लागतात, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडली जातात आणि कायमची काळ्या यादीत जातात. हा मूर्खपणाच आहे. पण माझ्या एका सवर्ण सहकाऱ्याच्या बायोडेटात सहा महिन्यांची इंटर्नशिप होती, काकांच्या कंपनीत. तिथं किती दिवस गेला, हे तो स्वतःच हसत सांगायचा. दोन दिवस : एकदा लॅपटॉप घ्यायला, एकदा परत द्यायला. ते पत्र व्हेरिफिकेशनमध्ये पास झालं, कारण फोन काकांनीच उचलला. दोन्ही कागद खोटेच. पण खोट्या कागदावर काकांची सही असली की त्याला नेटवर्किंग म्हणतात. ज्याचा काका वीटभट्टीवर आहे, त्याला ती सही बाजारात विकत घ्यावी लागते, म्हणून तो गुन्हेगार.

हा माझ्या एका कंपनीतला योगायोग असता तर मी लिहिलं नसतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं वेगळी ठेवली. 2007 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या मानानं सुमारे दोन तृतीयांशच होती. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे मेरिटवर निवड करतो म्हणत होते, आणि जवळजवळ सगळे उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारत होते. आत येताना जी पार्श्वभूमी विचारली जाते, ती बाहेर काढताना विसरली जाईल कशी? कार्ड लावणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला 'चांगल्या घरचा आहे, चुकला असेल' म्हणतात आणि दुसऱ्याला 'यांचं असंच' म्हणतात, ते त्याच पार्श्वभूमीच्या जोरावर.

बाबासाहेबांचं बडोद्याचं उदाहरण आठवा. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला गेला. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. राहायला दुसरी जागा मिळाली नाही, म्हणून बाबासाहेब त्याच रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पण बडोद्याच्या त्या कचेरीत आमच्यासारखं टेबल असतं, तर गोष्ट कशी सांगितली गेली असती? "महाराजांच्या पैशावर अमेरिकेला जाऊन आला, खोटं नाव सांगून राहिला, पकडला गेला आणि नोकरी टाकून पळाला." आजच्या एचआरनं त्यांच्या नावापुढं एकच शब्द लिहिला असता : अ‍ॅबस्काँडिंग. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात असते, ती अशी.

त्याच बाबासाहेबांनी पुढं 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं. त्यांच्याच काळात, 1946 मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. त्याचा गाभा साधा होता : गैरवर्तन कशाला म्हणायचं, त्याला शिक्षा कोणती, हे मालकानं आधी लेखी ठेवायचं. मालकाच्या लहरीवर कुणाची भाकरी जाऊ नये, हा त्यातला अर्थ. राज्यघटनेच्या कलम 311 नुसार सरकारी नोकराला, काही अपवाद सोडले तर, आरोप कळवून चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. खासगी कंपनीत हे कलम लागत नाही, म्हणून तिथं स्थायी आदेशांचं मोल जास्त. आणि नेमकं कर्नाटक सरकारनं आयटी कंपन्यांना या कायद्यातून सूट दिली होती. 2024 मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. पण सूट देताना अटी घातल्या होत्या. कंपनीत तक्रार निवारण समिती असली पाहिजे, आणि कुणाला निलंबित केलं, काढलं, तर ते कामगार खात्याला कळवलं पाहिजे. आम्हा दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर राजीनामा घेतात. राजीनामा घेतला की कुणाला काढलंच नाही, मग कळवायचं काय?

पहिल्या पिढीच्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी ऑफिस पाहिलेलं कुणी नाही. पासवर्ड, कार्ड मैत्रीतसुद्धा देऊ नये, हे सांगणारी मावशी नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवा. कामात ज्यानं मदत केली त्याचे उपकार कामातच फेडा, आपलं नाव गहाण ठेवून फेडू नका. अनुभवाचं पत्र विकत घेऊ नका. त्यापेक्षा एक वर्ष रिकामं दाखवा. काही झालं आणि खोलीत बोलावलं, तर तिथल्या तिथं सही करू नका. आरोप लेखी मागा, उत्तराला वेळ मागा, त्याच रात्री काय घडलं ते तारीख-वेळेसह स्वतःच्या मेलवर लिहून ठेवा. त्याच चुकीला आधी कुणाला काय शिक्षा झाली, हे लेखी विचारा. आणि घाबरून गावाकडं निघून जाऊ नका. न सांगता जाणाऱ्याच्या नावापुढं लागलेला तो 'अ‍ॅबस्काँडिंग' शब्द पुढच्या प्रत्येक नोकरीत आडवा येतो.

आपल्या मोठ्या माणसांनाही एक सांगायचं आहे. पोरगं चुकलं की 'समाजाचं नाव घालवलंस' म्हणणं आता बंद करा. मी म्हटलं, म्हणून सांगतो. ते वाक्य आपलं नाही. एका माणसाची चूक सगळ्या जातीच्या डोक्यावर मारायची ही त्यांची रीत आहे, आणि आपण ती घरात आणून आपल्याच लेकरांवर चालवतो. आपल्या मुलाला मूर्खपणा करायची आणि त्याची एकट्यापुरती, मापात शिक्षा भोगून पुन्हा उभं राहायची मुभा हवी. बाकी सगळ्यांना ती जन्मापासून आहे.

त्या मुलाला आठ महिन्यांनी पुण्यात नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. मी फोन करून एचआरसमोर काय बोललो होतो ते त्याला सांगितलं आणि माफी मागितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला सांगू नका." मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या घरीही परत गेलेलो नाही.

आता दुसऱ्या कंपनीत आहे. टेबलं इथंही आहेत, गोष्टी त्याच आहेत. कुणी सांगायला लागलं की मी ऐकून घेतो आणि विचारतो, "त्याच्याबरोबर अजून कोण होतं? त्याचं काय झालं?" बहुतेक वेळा टेबल गप्प होतं. तुम्हीही विचारून बघा.

जय भीम.