तराजू कुणाच्या हातात?



आडतीवर माल नेला की आपली पहिली नजर काट्यावर जाते. भाव नंतर, आधी वजन. हवामान बदलाच्या हिशेबातही तीच नजर हवी.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतून आकडा आला : भारतातली भातखाचरे वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास मिथेन वायू सोडतात. म्हणजे जग तापवणारे गुन्हेगार आम्ही! परदेशी खाचरांतली मोजमापे आमच्या जमिनीला लावून काढलेला हा हिशेब. १९९१ मध्ये डॉ. ए. पी. मित्र यांच्या पुढाकाराने आपले शास्त्रज्ञ खाचरांत उतरले आणि त्यांनी वायू प्रत्यक्ष मोजला. निघाला सुमारे ४० लाख टन. नऊपट काटामारी!

म्हणून तापमानवाढ हे थोतांड आहे, असे कुणी समजू नये. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. २०२४ साली जगाचे सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने वर गेले. रोग खरा आहे. खोटी आहे ती पापाची वाटणी. कोळसा आणि तेल जाळून आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आजही तिथला एक माणूस आपल्या सहा-सात माणसांइतका धूर सोडतो.

आणि भोगतो कोण? मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च. उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या आतच वाळला. युक्रेनच्या युद्धामुळे जगात भाव चढले होते, उताऱ्यातली तूट भावात निघाली असती. १३ मे रोजी सरकारने निर्यातबंदी लादली. उन्हाने दाणा मारला, सरकारने भाव मारला.

काट्याचा प्रश्न आपल्या शिवारातही आहे. महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आले. मंडळात गावे अनेक, आणि पाऊस तर शिवार बदलून पडतो. केंद्रावर थेंब पडला नाही, तर आमच्या बागेतली अतिवृष्टी कागदावर झालेलीच नसते. फळपीक विम्याची भरपाई मात्र त्याच नोंदीवर ठरते.

आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक गावात हवामान केंद्र हवे. त्याची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. नोंद चुकीची वाटली, तर शेतकऱ्यांसमक्ष तपासणी झाली पाहिजे. आणि हवामानाने पीक मारले त्या वर्षी निर्यातबंदीचा दुसरा घाव नको.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. गावोगाव पर्जन्यमापक लावा, रोज सकाळी वहीत आकडा लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. दुसऱ्याच्या आकड्याला नुसत्या घोषणेने उत्तर देता येत नाही. त्याच्यासमोर आपला मोजलेला आकडाच ठेवावा लागतो.