कठडा काढण्याची घाई

इथे ब्रिटनमधल्या मराठी मंडळात गणपतीची आरती संपून प्रसादाची रांग लागली की लहान मुलांच्या आयांभोवती चौकशा सुरू होतात. बोलायला लागला का, हाताने जेवते का, नॅपी सुटली का. आणि हल्ली त्यात हमखास एक भर असते, ‘अजून कॉटमध्येच झोपतो?’ त्यातला ‘अजून’ फार टोचतो. दोन वर्षांचं मूल स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या बेडवर एकटं झोपतं हे सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो आणि ऐकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर अपराधीपणा. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आणि उन्हाळी सहलीतही हाच प्रकार चालतो. त्या अभिमानाला फारसा आधार नाही आणि त्या अपराधीपणाला तर मुळीच नाही. मूल कठडा ओलांडून बाहेर येत नसेल, तर तीन वर्षांचं होईपर्यंत त्याला कॉटमधून काढायचं काही कारण नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. काढायचंच असेल, तर कठड्याची जागा कोण घेणार हे आधी ठरवावं. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपण करत नाही, म्हणून हा लेख.

मुळात या वस्तूला आपल्या भाषेत धड शब्दच नाही. ‘बाळाला कॉटमधून बेडवर हलवलं’ असं साताऱ्याच्या आजीला फोनवर सांगितलं, तर तिला काहीच उलगडा होणार नाही. तिच्या लेखी कॉट म्हणजे मोठ्या माणसाची लोखंडी कॉट, जिच्याखाली ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या सरकवलेल्या असतात. शब्द नाही, कारण वस्तू नव्हती. आपल्याकडे मूल पाळण्यातून थेट अंथरुणात यायचं. तुळईच्या कड्यांना टांगलेला पाळणा, वर रंगीत चिमणाळं, आणि भाकऱ्या थापता थापता आईला ओढता यावी म्हणून स्वयंपाकघरापर्यंत नेलेली दोरी. मूल पाळण्याची कड धरून उभं राहायला लागलं की पाळणा उतरवून माळ्यावर जायचा आणि मूल खालच्या गादीवर. एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला आजी नाहीतर मोठी बहीण. पडायची भीती नाही, कारण पडायला उंचीच नाही. रात्री उठून भटकायचीही भीती नाही, कारण मूल जरा हललं की कुणाचा तरी हात अंगावर यायचा आणि पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढलं जायचं. आपल्या घरांत कठडा नव्हता हे म्हणूनच खरं नाही. कठडा होता आणि तो माणसांचा होता.

घरात कोण कुणाशेजारी झोपतं यावर अभ्यासकांनीही बराच विचार केला आहे. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली भुवनेश्वरमधली ओडिया हिंदू कुटुंबं आणि शिकागोच्या हाइड पार्क भागातली कुटुंबं यांची या बाबतीत तुलना केली. लहान जिवाला रात्री एकटं ठेवू नये, हा भुवनेश्वरच्या घरांत मोठा दंडक होता. शिकागोच्या घरांत नवराबायकोचा एकांत आणि मुलाची स्वतंत्र वाढ यांना मान होता. दोन्हीकडच्या आईबापांना आपलीच रीत स्वाभाविक वाटत होती. आपण विमानात बसलो तेव्हा भुवनेश्वरसारखंच घर मागे सोडून आलो. आजी मागे राहिली, मोठी बहीण म्हणावी अशी चुलत भावंडं मागे राहिली, आणि त्यांच्या जागी बीचच्या लाकडाची कॉट आली. म्हणून कॉटला परक्यांची निर्दय रीत समजणं मला पटत नाही. जी माणसं इथे नाहीत त्यांचं काम ती कॉट रात्रभर करत असते. जवळून पाहिली तर वरच्या दांडीवर दातांच्या बारीक खुणा दिसतात, एका कोपऱ्यातला रंग ओठांनी आणि नखांनी गेलेला असतो. त्या जागेशी मुलाचं नातं जडलेलं असतं. ते पुसून टाकायला ‘आता तू मोठा झालास’ हे एक वाक्य पुरेल, असं आपण गृहीत धरतो.

बेड मुलाकडून काय मागतो ते पाहू. कॉटची सीमा हाताला लागते. बेडची सीमा मनात धरावी लागते: इथून पाय खाली टाकायचा नाही, सकाळ होईपर्यंत उठायचं नाही, आई दिसत नसली तरी ती घरात आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘थांब’ कळतं, पण कळूनही स्वतःला थांबवणं त्याला अजून जमत नाही. ते बळ पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हळूहळू येतं. २०१९ साली ‘स्लीप मेडिसिन’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास नेमका या वयाबद्दल आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या दीड ते तीन वर्षांच्या सुमारे २००० मुलांच्या पालकांकडून त्यात माहिती घेतली होती. कॉटमध्ये झोपणारी मुलं बेडवरच्या मुलांपेक्षा लवकर अंथरुणात जात होती, लवकर झोपी जात होती, रात्री कमी वेळा उठत होती आणि सलग जास्त वेळ झोपत होती. झोपायच्या वेळची रडारडही त्यांच्यात कमी होती.

यावर कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की ही पालकांनी सांगितलेली माहिती आहे. शिवाय ज्यांची मुलं मुळातच नीट झोपत नाहीत तेच पालक कंटाळून लवकर बेड आणत असतील. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? आक्षेप खरा आहे आणि अशा अभ्यासावरून त्याचा निकाल लागत नाही. पण तो मान्य केला तरी एक गोष्ट उरते: झोपेची तक्रार असलेल्या मुलाला बेड दिल्याने ती तक्रार मिटते, असं या आकड्यांत कुठे दिसत नाही. मंडळात तर उपाय म्हणून बेडच सुचवला जातो. दुसरा आक्षेप आपल्याच रीतीच्या बाजूने येतो: आपल्याकडे कॉट नव्हती तरी मुलं वाढलीच ना? वाढली, आणि छान वाढली. पण तिथली सगळी घडीच वेगळी. २०१० साली १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या झोपेची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. आशियाई देशांतली मुलं सरासरीने उशिरा झोपणारी, एकूण कमी झोपणारी आणि बहुतेक आईवडिलांच्या खोलीत झोपणारी दिसली. आपण इथे त्यातलं थोडं घेतो, थोडं टाकतो. मुलाने सात वाजता झोपावं ही अपेक्षा इथली, कठडा नको हा हट्ट तिथला, आणि शेजारी मात्र कुणीच नाही. अशी जोडणी ना इथल्या घरात सापडते ना तिथल्या.

घाईची कारणं पाहिली तर त्यांत मुलाच्या गरजेचं कारण क्वचितच असतं. सगळ्यांत मोठं कारण म्हणजे येणारं दुसरं बाळ. कॉट एकच, तेव्हा थोरल्याने ती रिकामी करावी, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो पुन्हा कुणी तपासतच नाही. तो तपासावा. नवं बाळ पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत झोपवावं, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे आणि त्यातले सुरुवातीचे काही महिने मोझेस बास्केट पुरते. म्हणजे मोठी कॉट बाळंतपणाच्या दिवशी लागतच नाही. तिची गरज पडेपर्यंत थोरलं मूल तीन-चार महिन्यांनी मोठं झालेलं असतं, आणि त्या वयात तीन-चार महिने म्हणजे पुष्कळ. तरीही आपण आठव्या महिन्यात, आईला वाकवत नसताना, थोरल्याची कॉट सोडवतो. त्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर काय घडतं? आईची मांडी लहान होत चाललेली आहे, ती त्याला उचलून घेत नाही, घरात नवे कपडे आणि नवी पिशवी भरली जात आहे, आणि त्याच पंधरवड्यात त्याची झोपायची जागा जाते. मग काही आठवड्यांनी त्याच जागेत एक अनोळखी बाळ निजलेलं दिसतं. त्याचं रडणं, बाळाला ढकलणं, पहाटे तीनला आईच्या पलंगापाशी येऊन उभं राहणं, याला आपण मत्सर म्हणतो. मी त्याला मत्सर म्हणणार नाही. त्याची जागा गेली आहे आणि ते तो त्याच्या भाषेत सांगतो आहे. ही बदली बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी करावी, किंवा बाळ आल्यावर घर स्थिरावलं की करावी. मधला काळ टाळावा. दुसरी कॉट लागलीच, तर आपल्यातल्या किती घरांत ती सुटी करून पलंगाखाली ठेवलेली असते! तिचा सांगाडा उसना घ्यायला संकोच कशाला? दांड्या पक्क्या आहेत, फटी साडेसहा सेंटीमीटरपेक्षा मोठ्या नाहीत एवढं पाहावं, आणि गादी मात्र शक्यतो नवी, घट्ट आणि मापाची घ्यावी.

आता खरं कारण: मूल कॉटमधून चढून बाहेर येतं. हे कारण मला पूर्ण मान्य आहे. पण तेही लगेच निकाली काढू नये. आधी गादीचा तळ सगळ्यांत खालच्या खाचेत आहे का ते पाहावं. कित्येक घरांत तो तान्हेपणाच्या उंचीवरच राहिलेला असतो. पायरी म्हणून उपयोगी पडणारी मोठी खेळणी काढावीत. अंगात घालायची झोपेची पिशवी मापाची असेल तर पाय कठड्यावर टाकता येत नाही. एवढं करूनही मूल चढलं, तर मात्र कॉटचा काळ संपला, मग वय वीस महिने असो की तीस. कठड्यावरून डोक्यावर पडणं हे बेडवरून घरंगळण्यापेक्षा कितीतरी वाईट. त्या रात्री नवा बेड मागवायची गरज नाही. गादी जमिनीवर टाकावी. आपल्याला ती पद्धत कुणी शिकवायला नको, आणि इथल्या पाहुण्यांसमोर तिची लाज वाटायचंही कारण नाही. मात्र एक लक्षात ठेवावं की कठडा गेला की अख्खी खोलीच कॉट होते. कपाटाचा खण उघडून त्यावर चढता येतं, म्हणून कपाट भिंतीला पट्टीने जखडलेलं हवं. पडद्याची लोंबती दोरी मुलाच्या गळ्याच्या उंचीवर नको. तिच्यात अडकून इथे मुलं दगावली आहेत. जिन्याच्या तोंडाशी दार, खिडकीला अडसर. बंक बेडचा वरचा मजला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीच. हे सगळं करायला एक रविवार पुरतो.

शू-शीचं कारणही सांगतात, की कॉटमधून मुलाला उठून जाता येत नाही. पण दिवसा नॅपी सुटलेली बहुतेक मुलं रात्री कोरडी राहायला पुढे बराच वेळ घेतात, आणि पाच वर्षांच्या आत अंथरूण ओलं होणं डॉक्टर वावगं मानत नाहीत. स्वतंत्र खोलीचं म्हणाल, तर मुलाला वेगळी खोली दिली नाही तर कायद्याने अडचण होते, ही आपल्यात पसरलेली भीती निराधार आहे. १९८५ च्या इथल्या घरकुल कायद्यात कुणी कुणाबरोबर एका खोलीत झोपायचं याचा जो निकष आहे, त्यात दहा वर्षांखालची मुलं हिशेबातच धरलेली नाहीत. राहता राहिलं स्वावलंबन. एकटं झोपणारं मूल धीट होतं आणि आईच्या कुशीतलं मूल भित्रं राहतं, असं असतं तर आपल्या आधीच्या सगळ्या पिढ्या भित्र्या निघाल्या असत्या. मुलाला धीट करायचं तर त्याला दिवसा स्वतः चपला घालू द्या, पाण्याचा पेला स्वतः भरू द्या, सांडलेलं पुसू द्या. अंधारात एकटं सोडणं हा त्याचा पहिला धडा कशाला असावा?

हे सगळं उपदेशासारखं झालं, याची मला जाणीव आहे आणि त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. रात्रपाळी करणारे आईबाप, जुळ्यांची घरं, एका खोलीत चौघं राहणारी कुटुंबं, एकट्याने मूल वाढवणारी आई, यांच्यापुढे तीन वर्षांचं गणित मांडणं सोपं नाही. मूल दोन वर्षांचं असताना ज्यांनी बेड आणला आणि ज्यांचं मूल त्यावर शांत झोपतं, त्यांनी काही चूक केली असं मी म्हणत नाही. दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान ही बदली केव्हाही होते आणि ठरलेलं असं वय नाहीच. माझा राग आहे तो त्या ‘अजून’वर. तो शब्द थकलेल्या आईला रविवारी रात्री स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला लावतो.

शेवटचा मुद्दा आजी-आजोबांचा. ते सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि बहुधा मुलाच्याच खोलीत राहतात. तेवढ्यासाठी कॉट हलवावी लागली तर त्यात वाईट काहीच नाही. आजीच्या पलंगाला लागून खाली गादी टाकली की मुलाला शेजार मिळतो, आणि आजीच्या गोष्टी ऐकत मराठी कानावर पडते ते वेगळंच. अडचण होते ती विमानतळावरून परतल्यावर. ज्या रात्री आजी गेली त्याच रात्री मूल त्या खोलीत पहिल्यांदा खरोखर एकटं असतं, कठड्याशिवाय आणि माणसाशिवाय. भारतातल्या सुट्टीनंतरही तेच. पाच-सहा आठवडे भावंडांच्या रांगेत झोपलेलं मूल परत येतं, शरीराचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतं, आणि पहाटे दोनला ते दारात उभं राहून रिकाम्या खोलीकडे पाहतं. अशा वेळी आठ-पंधरा दिवस आईने किंवा बाबांनी आपलं अंथरूण त्याच्या खोलीत घालावं. आणि तेवढ्यानेही भागलं नाही, मूल स्वतःहून कॉटकडे बोट दाखवू लागलं, तर कॉट पुन्हा जोडता आली पाहिजे. म्हणून काढलेली बाजू लगेच कुणाला देऊन टाकू नये, आणि तिचे चार स्क्रू व किल्ली एका पिशवीत घालून कॉटच्या तळाला चिकटपट्टीने लावून ठेवावेत.